मेजरांची काठी मढीला जाते

“पाडव्यापत्तुर वाट बघीन,” लंकाबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या. “तवर त्या डबड्यातनं कुनी येकानं जरी तुमाला ओ दिली, तर माझी काय बी तक्रार न्हाई. न्हाई दिली, तर तार-बांबू सगळं म्हशीच्या छपराला आन् डबडं भंगारवाल्याला. ऐकलं का?”

“हूं,” आबासाहेब म्हणाले.

हे ‘हूं’ सगळ्या कौठेवाडीच्या ओळखीचं होतं. आबासाहेब कामात असले, आणि ते कायम कामातच असत, की जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एवढंच उत्तर असे. चहा देऊ का, हूं. चहा दिला होता, पिलात का, हूं. म्हैस सुटली, हूं. म्हैस सापडली, तरी हूं. लंकाबाईंनी संसाराची बरीच वर्षं या एका अक्षरावर काढली होती, आणि आता त्यांचा धीर सुटत चालला होता.

आबासाहेब फौजेच्या वायरलेसमधून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि पाथर्डीच्या एस. टी.तून गावात उतरले, तेव्हा गावाने त्यांना परस्पर बढती देऊन मेजर केलं. मेजरांनी घरी आल्यावर शेतीकडे एकदा पाहिलं, शेतीने मेजरांकडे पाहिलं, आणि दोघांनी एकमेकांचा नाद सोडला. शेत वाट्याने दिलं. मग नगरच्या जुन्या बाजारातून फौजेने टाकून दिलेले रेडिओचे काचेचे दिवे, खटके, तारांची भेंडोळी असलं काय काय पोत्यात भरून आणलं आणि पडवीत बसून त्याचा एक रेडिओ केला. हा नुसता ऐकायचा रेडिओ नव्हता, बोलायचाही होता. त्याचं रीतसर लायसन दिल्लीहून आलं होतं. देशात आणि देशाबाहेर असले हौशी लोक आपापल्या घरी बसून एकमेकांशी हवेतून गप्पा मारतात, हे मेजरांनी गावाला अनेकदा समजावून सांगितलं होतं.

“मंग मारा की गप्पा,” गाव म्हणे.

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. गेल्या श्रावणापासून मेजर रोज सकाळी आंघोळ करून पडवीत बसत, खटका वर करत आणि “सी क्यू, सी क्यू” असा पुकारा करत. म्हणजे जो कुणी ऐकत असेल, त्याने ओ द्यावी. फौजेत हेच त्यांचं काम होतं. त्यांच्या आवाजाला पूर्ण कंपनीत तोड नव्हती. ते पुकारायचे आणि शेजारी दुसरा एक जवान कानाला हेडफोन लावून ऐकत बसायचा. इथे खटका वर केला की बोलायचं आणि खाली केला की ऐकायचं, अशी दोन्ही कामं एकट्याच्या गळ्यात होती. श्रावण गेला, दिवाळी गेली, संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले, पण हवेतून एक शिंकही आली नाही.

“दोष उंचीचा आहे,” मेजरांनी शेवटी निदान केलं. तार परसातल्या कडुलिंबाला बांधलेली होती. “बसकी तार आहे. आवाज म्हशीच्या गोठ्यापलीकडे जातच नाही. ही तार आभाळात गेली पाहिजे!”

इलेक्शन नुकतंच उरकलं होतं आणि मांडवाचे दोन लांबलचक बांबू चावडीमागे बेवारशी पडले होते. ते मेजरांनी उचलून आणले. वर जोडायला एक बारीक, सरळ, हलका बांबू हवा होता, तो घरातच आढ्याला लावलेला सापडला. तो लंकाबाईंचा गुढीचा बांबू होता. मेजरांनी विचारायला नको म्हणून विचारलं नाही. तिन्ही बांबू लोखंडी पट्ट्यांनी एकाला एक जोडले आणि अंगणात आडवे ठेवले, तर शेंडा फाटकाबाहेर रस्त्यावर गेला. आता एवढा लांब बांबू मोडू न देता उभा कोण करणार? असं काम पंचक्रोशीत एकालाच येत होतं. भिमाजीला.

भिमाजी हा कौठेवाडीच्या काठीचा मानकरी. होळी झाली की मढीला कानिफनाथाची यात्रा भरते. गावोगावचे लोक उंचच उंच काठ्या घेऊन निघतात. काठीला रंगीत कापड गुंडाळलेलं, शेंड्याला मोरपिसं, घुंगरं, आणि चहूबाजूंनी तोल सांभाळायला तणावे. ती काठी उभीच्या उभी मढीच्या डोंगरावर न्यायची आणि देवळाच्या कळसाला भेटवायची. काठी म्हणजे गावाचं नाक. आणि कौठेवाडीचं नाक दोन वर्षांमागे वाळवीने खाल्लं होतं. तेव्हापासून भिमाजी यात्रेला रिकाम्या हाताने जाई, मागे उभा राही, आणि शेजारच्या गावचे लोक मुद्दाम वळून विचारत, “का वं भिमाजी, औंदा बी हात हलवीत?” माणूस खंगत चालला होता.

त्याने मेजरांच्या अंगणात पाऊल टाकलं, तो बांबू बुडख्यापासून शेंड्यापर्यंत बघितला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मेजर,” तो म्हणाला, “ह्ये तुमी... गावासाठी?”

मेजर त्या वेळी कमरेएवढ्या खड्ड्यात उभे होते. रेडिओला चांगली अर्थिंग लागते, म्हणजे त्याची एक तार जमिनीत खोल गाडावी लागते. त्यासाठी तळाला तांब्याची पट्टी, तिच्यावर कोळसा, त्यावर मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, असे थर ते घालत होते. मीठ लंकाबाईंच्या बरणीतलं होतं.

“हूं,” मेजर खड्ड्यातून म्हणाले.

भिमाजीने खड्ड्यात डोकावून पाहिलं. “मीठ, कोळसा, तांबं. मेजर, नजर उतरवून मंगच उभी करताय? लई ब्येस!” आणि तो माणसं गोळा करायला धावला.

माणसं आली, दोर आले. मेजर खड्ड्यातून वर आले आणि टेप घेऊन तारा मोजायला बसले. बांबूच्या शेंड्यापासून दोन बाजूंना दोन तारा खाली उतरणार होत्या. दोन्ही अगदी सारख्या लांबीच्या पाहिजेत, इंचाचाही फरक चालत नाही, असं या विद्येचं शास्त्र आहे. मेजरांच्या तोंडात पेन्सिल होती आणि डोक्यात आकडा होता.

“मेजर, शेंडा लई भुंडा दिसतोय. मोरपिसं लावू का?”

“हूं.”

“आन् घुंगरं?”

“हूं.”

“ह्या दोन तारा वर येगळ्या-येगळ्या लोंबत्यात. तणाव्याची गाठ येक पायजे, न्हाईतर काठी फिरती. येका गाठीत आवळू?”

“हूं.”

“मंग फोडू नारळ?”

“हूं, हूं!” मेजर या वेळी दोनदा म्हणाले, कारण दोन्ही तारांचं माप तंतोतंत जुळलं होतं.

नारळ फुटला. “कानिफनाथ महाराज की जय!” अशी आरोळी उठली, दोर ताणले गेले आणि भिमाजीने तो भला मोठा बांबू त्या खड्ड्याला लागूनच असा अलगद उभा केला, की मेजरांचा हात आपोआप सलामीला गेला. शेंडा आभाळात डुलत होता. खाली मान करून मेजर तडक पडवीत शिरले, वरून आलेली जोडतार रेडिओला लावली आणि आवाज बाहेर पडतो का हे दाखवणारं मीटर चालू केलं. मीटरचा काटा जरा उठला, दचकला आणि मेल्यासारखा आडवा पडला.

मेजर बाहेर आले. आता कुठे त्यांना घुंगरांचा आवाज ऐकू आला. त्यांनी फौजेतली दुर्बीण काढून शेंड्याकडे लावली. वर मोरपिसं होती, हिरवं-भगवं कापड होतं, आणि ज्या दोन तारा एकमेकींना चुकूनही लागता कामा नयेत, त्यांची मुठीएवढी, देखणी, पक्की गाठ होती.

“खाली घ्या!” मेजर ओरडले. “भिमाजी, खाली घ्या तो बांबू!”

कुणीतरी कानाला हात लावले.

“मेजर, नारळ फुटलाय,” भिमाजी हलक्या आवाजात म्हणाला. “येकदा नारळ फुटला की काठी आडवी हुईत न्हाई. आता नाथाच्या कळसाला भेटायची, मंगच जमिनीला टेकायची. आज्या-पंज्यापासनं हाय ह्ये.”

“अरे, ही काठी नाही! हा अँटेना आहे!”

“आसंल. अँटेना तुमचा, पन नारळ नाथाचा.”

“मी कधी सांगितलं नारळ फोडायला?”

तेव्हा चुलीजवळून लंकाबाईंचा आवाज आला. “तुमीच की! मी हितनं ऐकलं. मोरपिसाला हूं, घुंगराला हूं, गाठीला हूं, नारळाला तर दोनदा हूं.”

मेजरांनी कपाळाला हात लावला. काठीवर चढून गाठ सोडू म्हणाले, तर काठीवर पाय देणारा अजून जन्माला यायचा होता. शिडी लावू म्हणाले, तर एवढी शिडी नगरच्या बंबखान्यातही नव्हती. रंगपंचमी परवावर आली होती. म्हणजे काठी मढीला जाणार, कळसाला भेटणार, मगच आडवी होणार आणि मग गाठ सुटणार. दुसरा इलाजच नव्हता. तारांच्या काळजीने मेजर स्वतः काठीबरोबर निघाले.

आता ही वरात कशी निघाली ते बघा. पुढे हलगी आणि ताशा. मधे भिमाजी, कमरेच्या पट्ट्यात काठीचा बुडखा खोचून, छाती अशी काढलेली की सदऱ्याची गुंडी तुटावी. दोन्ही बाजूंना चार-चार गडी तणावे म्हणून मेजरांच्या तारा धरून. आणि त्यांच्याभोवती, कंपनीच्या हवालदारासारखे धावत, मेजर.

“ओढू नका! तांबं आहे ते! तांबं ओढलं की लांबतं!”

“न्हाई ओढलं तर काठी पडती, मेजर!”

दोघांचंही खरं होतं. जरा वारा आला की गडी तारा ओढत, आणि इंचाइंचाने मोजलेल्या त्या तारा मेजरांच्या डोळ्यांदेखत लांब होत. विसाव्याला काठी थांबली की मेजर टेप काढून तारांना लावत, मान हलवत आणि हळहळत. वाटेवरच्या बायाबापड्यांना याचं कोडं पडलं.

“ह्यो मानूस काय मोजतोय?” एका म्हातारीने विचारलं.

“नवस हाय त्येंचा,” भिमाजीने ठोकून दिलं. “काठी इंचाइंचानं मोजत मढीला न्यायची.”

“आगं बया! लई कडक नवस!” म्हातारीने मेजरांच्या पायावर डोकं ठेवलं आणि कडेवरचं नातवंड पुढे केलं. “बाबा, ह्येला बी मोजा. वाढतच न्हाई बगा.” मेजर चिडले, पण म्हातारी वाट सोडेना. शेवटी त्यांनी ते पोर मोजलं. मग काय विचारता! पुढच्या विसाव्याला पोरं मोजून घ्यायला रांग लागली.

पुढे रस्त्यावर पोस्टाच्या तारा आडव्या आल्या. काठी त्यांच्याखालून जाईना, आडवी करायची सोय नाही. म्हणून सगळी मिरवणूक रस्ता सोडून शेतात उतरली. शेत राहीबाईचं होतं आणि शेतात कांदा होता. राहीबाई हातात खुरपं घेऊन असा काही तोंडाचा पट्टा सोडत आली, की ताशावाला तालच विसरला.

“मुडद्यांनो, कांदा तुडवता व्हय माझा? काठी हाय म्हनून सोडते! नुसता बांबू आसता ना, तर येकेकाची तंगडी मोडली आसती!”

“बाई, खरं सांगायचं तर हा नुसता बां...” मेजरांनी तोंड उघडलं. भिमाजीने काठी एका हातावर तोलून दुसरा हात त्यांच्या तोंडावर दाबला. राहीबाईने काठीला हळद-कुंकू लावलं, मूठभर गुलाल उधळला आणि अर्ध्या वाटेपर्यंत मिरवणुकीबरोबर चालली.

मढीचा डोंगर गुलालाने लाल झाला होता. खाली गाढवांचा बाजार भरला होता, रेवड्यांच्या दुकानांवर माणसं तुटून पडली होती आणि वर देवळाभोवती काठ्यांचं रान उभं होतं. एकेक काठी पुढे सरकत होती, कळसाला भेटत होती आणि जयजयकार होत होता. कौठेवाडीची काठी सर्वांत शेवटी होती. दोन वर्षं गैरहजर, मान मागचा. शेजारच्या गावच्या लोकांनी वळून पाहिलं आणि भिमाजीला काही विचारायला त्यांना तोंडच राहिलं नाही. त्याला तेवढंच पुष्कळ होतं.

काठीच्या शेंड्यावरून खाली उतरलेल्या जोडतारेचं भेंडोळं मेजरांनी आख्ख्या वाटेत खांद्यावर वाहिलं होतं. ते त्यांनी क्षणभर खाली ठेवलं, शेवटचं एक माप घ्यावं म्हणून. नेमकं त्याच वेळी रेवड्यांची पोती पाठीवर घेतलेलं एक गाढव तिथून चाललं होतं. त्याचा पाय भेंडोळ्यात गेला. त्याच वेळी कानाशी ताशा कडाडला. गाढव जे उधळलं, ते थेट देवळाच्या दिशेने.

“तार!” मेजर ओरडले.

“तणावा धरा!” भिमाजी ओरडला.

पण गाढवापुढे दोघांचंही काही चाललं नाही. गाढवाने तार ओढली, तारेने शेंडा ओढला, शेंड्यामागे काठी, काठीमागे भिमाजी आणि भिमाजीच्या कमरेला धरून मेजर, अशी ती अख्खी रांग साऱ्या काठ्यांच्या मधून पुढे घुसली. देवळाशी गाढव थबकलं. काठी डौलात झुकली, घुंगरं वाजली आणि मोरपिसांनी कळस अगदी हलकेच गोंजारला.

मग कुणीतरी खेकसलं, “आमच्या म्होरं? आमचा मान डावलून? कुनी वाकवली ही काठी?”

“गाढवानं,” भिमाजी खरं ते बोलला.

देवळाजवळ बसलेल्या एका पांढऱ्या मिशीच्या मानकऱ्याने गाढवाकडे पाहिलं. गाढव सांडलेल्या रेवड्या खात होतं. म्हाताऱ्याला हसू आवरेना. “अरं, नाथाच्या दारी गाढवाचा बी मान हाय,” तो म्हणाला. “भेटली तर भेटली. म्हना चांगभलं!” आणि सगळा डोंगर हसत-हसत चांगभलं म्हणाला. भिमाजी मात्र ढसाढसा रडत होता. मेजरांनीही का कुणास ठाऊक, डोळे पुसले. पण त्यांनी ते गुलालावर ढकललं.

काठी परत आली, आणि मेजरांना वाटलं, आता सुटलो. पण गावाला दोन वर्षांनी काठी मिळाली होती! आज या आळीत तिचा मुक्काम, उद्या त्या आळीत, रोज भजन, रोज कुणाच्या तरी घरी जेवणं. मेजर रोज आपला बांबू मागायला जात आणि पोटभर जेवून, कपाळाला गुलाल लावून परत येत. अखेर पाडव्याच्या आदल्या दिवशी भिमाजीने काठी आणून त्यांच्या अंगणात आडवी केली. गावच्या बायकांनी रिवाजाप्रमाणे काठीच्या जागेवर, म्हणजे मेजरांच्या त्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यावर, घागरीच्या घागरी पाणी ओतलं. मेजरांनी मुठीएवढी गाठ दाताने-पक्कडीने सोडवली, तारा वेगळ्या केल्या, पुन्हा मोजल्या, वाढलेलं तांबं कापलं. घरात नारळ आहे का तेही डबे उघडून पाहिलं. नव्हता. तेव्हा कुठे त्यांना झोप लागली.

पाडव्याच्या सकाळी ते दात घासत होते.

“आवं, माझा गुढीचा बांबू तर तुमी त्येच्यात घातलाय,” लंकाबाई म्हणाल्या. “मंग गुढी तिथंच शेंड्याला बांधू का?”

“हूं.”

“भिमाजीभावजी बोलवू का उभी करायला?”

“हूं.”

“छगनच्या दुकानातनं नारळ आनते.”

“हूं,” मेजरांनी चूळ भरली.

आंघोळ आटोपून ते पडवीत रेडिओच्या तारा जुळवत होते, तेवढ्यात बाहेर ‘फट्’ असा आवाज झाला. तो आवाज आता ते झोपेतही ओळखले असते. धावत बाहेर आले, तर काठी उभी! शेंड्याला लंकाबाईंचं जरीचं लुगडं, साखरेची गाठी, कडुलिंबाचा डहाळा, त्यावर पालथा तांब्या, आणि त्याच्याखाली पुन्हा ती मुठीएवढी गाठ.

“गाठ सुटली हुती मेजर,” भिमाजी घाम पुसत अभिमानाने म्हणाला. “म्या पुन्यांदा आवळली. आता औंदाच्याला घोर न्हाई. फुडल्या रंगपंचमीपत्तुर हालत न्हाई ही.”

मेजर मटकन ओट्यावर बसले. आज पाडवा होता. पुरणाची डाळ चुलीवर चढली होती.

“डाळ शिजंपत्तुर बगते,” लंकाबाई म्हणाल्या. “बांबू म्या छपराला घ्यायची न्हाई, नारळ फुटलाय. पन डबडं जानार. भंगारवाला आज दुपारीच यायचाय.”

मेजर पडवीत आले. त्या डबड्यातला एकेक दिवा त्यांनी हाताने पुसून बसवला होता. पंचवीस वर्षं फौजेत हजारो माणसांचे निरोप त्यांनी इकडून तिकडे पोचवले. घरी आल्यावर आपल्याला कुणीतरी आपणहून ओ द्यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. एकेक दिवा पुन्हा पुसता पुसता त्यांना त्यांच्या जुन्या उस्तादाचं बोलणं आठवलं. वरच्या तारा एकमेकींना चिकटल्याच असतील, तर जोडतारेची दोन्ही टोकंही एक करून रेडिओच्या एका बाजूला लाव आणि दुसऱ्या बाजूला जमीन लाव. जमीन चांगली असेल, तर निभावतं.

जमीन चांगली होती. खड्ड्यात मीठ होतं, कोळसा होता, तांबं होतं आणि गावभरच्या बायकांनी ओतलेलं पाणी होतं. मेजरांनी तारा जुळवल्या आणि मीटरचा काटा उठला तो उठलाच. मेजरांनी घसा खाकरला, खटका वर केला आणि पुकारायला सुरुवात केली. “सी क्यू, सी क्यू!” खटका पापणी लवेपर्यंत खाली, लगेच वर. “सी क्यू, सी क्यू!” पुन्हा खाली, पुन्हा वर. आवाज चढत गेला, मानेच्या शिरा फुगल्या. डाळ शिजत आली. लंकाबाई हातात पळी घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

“आवं, तुमी हाक मारताय का भांडताय?”

“हाक मारतोय! सी क्यू, सी क्यू!”

“मंग समोरच्यानं त्वांड कवा उघडायचं?”

“हूं,” मेजर म्हणाले आणि पुन्हा खटक्याकडे हात नेला. पण आज लंकाबाईंचा हात आधी पोचला. त्यांनी डाळीने माखलेल्या बोटांनी खटका खाली दाबला आणि तो तसाच धरून ठेवला.

“अगं, पण...”

“गप बसा. बोललात ना? आता ऐका.”

रेडिओ खरखरला. शीळ घातल्यासारखा आवाज आला, गेला. मेजरांची बोटं चुळबुळत होती. लंकाबाईंनी पळी उगारली. आणि त्या खरखरीतून एक वैतागलेला, म्हातारा, स्वच्छ मराठी आवाज आला.

“...ओ! अहो ओ! ओ म्हणतोय ना मी! इंदूरहून बोलतोय, इंदूरहून! आज तरी ऐकता का माझं?”

मेजर ताडकन उभे राहिले. हात सलामीला गेला. तो खाली येईना, तेव्हा लंकाबाईंनीच खटका वर केला आणि म्हणाल्या, “बोला आता.”

“ऐकतोय! ऐकतोय साहेब!” मेजरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “कौठेवाडी, पाथर्डी तालुका! तुम्ही पहिले! पहिली ओ तुमचीच!” लंकाबाईंनी खटका खाली दाबला.

“पहिली कसली?” इंदूर कडाडलं. “गेल्या श्रावणापासून रोज सकाळी ओ देतोय मी! मी तोंड उघडलं की तुमचं पुन्हा सुरू! इकडे बडोद्याचे एक आहेत, तेही ओ देऊन देऊन थकले. शेवटी आम्ही दोघांनी एकमेकांशी ओळख करून घेतली, तुमच्यामुळे बोलायला काहीतरी विषय मिळाला म्हणून!”

एक आशा अजून शिल्लक होती. “पण साहेब, आज आवाज जास्त मोठा येतोय ना? तार फार उंच केलीय. बरेच कष्ट पडले.”

“मोठा? छे! श्रावणात होता तेवढाच. तेव्हाही ठणठणीत होता. उंचीचं काय घेऊन बसलात?”

अंगणात वरती घुंगरं वाजली. राहीबाईचा कांदा, मोजलेली पोरं, मढीचा डोंगर आणि ते गाढव, सगळं मेजरांच्या डोळ्यांपुढून सरकलं. त्यांनी हळूच लंकाबाईंकडे पाहिलं. त्या ताशेरे झाडतील असं त्यांना वाटलं होतं. पण लंकाबाई रेडिओकडे फार मायेने बघत होत्या. “ह्ये डबडं काय बी झालं तरी भंगारात द्यायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “आख्ख्या जगात माझ्या जिवाचं दुख कळलेला ह्यो येकच मानूस.”

त्या दिवशी पुरण थोडं लागलं होतं, पण भिमाजी आणि त्याचे गडी पोटभर जेवले. दुपारी मेजर पडवीत तारेचा हिशेब मांडत बसले. तोंडात पेन्सिल होती.

“आवं,” चुलीजवळून नेहमीची हाक आली, “ऐकलं का?”

मेजरांच्या घशापर्यंत ते अक्षर आलं होतं. ते तिथेच थांबलं. त्यांनी पेन्सिल तोंडातून काढली, खाली ठेवली, मान वळवली आणि अगदी स्पष्ट आवाजात म्हणाले, “ओ!”

आत भांडं पडल्याचा आवाज आला. मेजर वाट पाहत राहिले. अखेर ते उठून दारात गेले, तर लंकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, लाजल्यासारख्या बसल्या होत्या.

“काय म्हणत होतीस?”

“काय की बाई,” लंकाबाई म्हणाल्या. “तुमी ओ द्याल आसं वाटलंच न्हवतं. इचारायचं काय हुतं त्येच इसरले.”